फळा काळा करायचं काम

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, मिरजेहून मॉर्निंग ड्यूटी संपवून गाडीवरून घरी येताना, विश्रामबागेच्या अलीकडच्या चौकात मी मलाच दिसलो. दोन खांबांच्या मध्ये ताणून बांधलेला फ्लेक्स आणि त्यावर मधोमध हंड्याएवढं माझं तोंड. वर तीन वेळा ‘अभिनंदन’. खाली, ‘आमच्या वाडीचे सुपुत्र, समाजाचे भूषण, ब्रदर तानाजी भाऊसो गडदे यांची जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ त्याखाली शुभेच्छुकांची रांग. बावीस डोकी, त्यातली सात-आठ मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाहीत. मागे विमान, विमानाखाली किल्ला, किल्ल्यावर झेंडा. मी जर्मन भाषेच्या परीक्षेला दोनदा बसलोय, एकदा नापास, एकदा पास, त्यामुळे एवढं तरी मला कळतं की जर्मनीच्या झेंड्याचे पट्टे आडवे असतात. हे उभे होते. काळा, पिवळा, लाल, उभे, म्हणजे बेल्जियम. आणि फोटो माझ्या लग्नातला. मुंडावळ्या कुणीतरी पुसल्या होत्या, पण कपाळावर त्यांची फिकट रेघ राहिली होती, गंध तसंच होतं, आणि डाव्या बाजूला, जिथं फोटो कापला तिथं, हिरव्या शालूतला माझ्या बायकोचा, राणीचा खांदा तेवढा शिल्लक होता. राणी नाही, नुसता खांदा. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. शेजारचा रिक्षावाला एकदा फ्लेक्सकडं आणि एकदा माझ्याकडं बघून हसला, अंगठा वर केला. मी गाडी पुढं काढली.

राग कशाचा आला ते सांगतो. झेंड्याचा नाही. माझं जायचं अजून ठरलेलंच नाही. मिरजेच्या एका खाजगी दवाखान्यात अकरा वर्षं मी आयसीयूत ब्रदर आहे. स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या दवाखान्यानं मला घेतलंय, तीन वर्षांचा करार आहे, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का आहे, हे सगळं खरं. पण नर्सेसना तिकडं पाठवणाऱ्या पुण्याच्या संस्थेतल्या मॅडमनी स्वच्छ सांगितलंय की सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही ते कळवा. हो असेल तर बुधवारी रात्री मुंबईहून विमान, नाही असेल तर यादीतलं पुढचं नाव. बायकोमुलांना नंतर नेता येतं. नंतर म्हणजे तिथली परीक्षा झाल्यावर, घर मिळाल्यावर, सगळं सुरळीत गेलं तर दोन वर्षांनी. ओवी आत्ता सहा वर्षांची आहे. दोन वर्षांनी ती आठ वर्षांची असेल, हे गणित मी रोज करतो आणि रोज तेवढंच उत्तर येतं. तर मी इथं हो-नाहीच्या मध्ये लटकलोय आणि हे तुरी अजून बाजारात असतानाच भटणीला मारून मोकळे. मी गाडी बाजूला घेऊन केरबाला फोन लावला. केरबा माझा चुलतभाऊ, त्याचा दोस्त फ्लेक्सच्या दुकानात असतो, त्यामुळे आमच्या घराण्यात कुणाला साधी शिंक आली तरी तिचा फ्लेक्स लागतो.

“दादा, बघितलास व्हय? सरप्राइज हुतं गड्या,” तो म्हणाला.

“झेंडा चुकलाय.”

“झेंडा कोन बघतंय? मानूस तोंड बघतंय. वाडीच्या फाट्यावर बी एक लावलाय, हितल्यापेक्षा मोठा.”

“केरबा, माझं अजून ठरलं नाही.”

“त्येला काय हुतंय? आता ठरलं की!”

केरबा एकटा असता तर गोष्ट वेगळी. गेले तीन महिने मी ज्याला ज्याला सांगतोय की असं असं आहे, जाऊ की नको कळत नाही, तो तो टाळ्या पिटतोय. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तानाजी, मागं वळून बघू नकोस. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, इथं काय ठेवलंय. दाढी करणारा म्हणाला, साहेब, गेल्यावर तिकडून ट्रिमर पाठवा. सासरे म्हणाले, आमची पोरगी खंबीर हाय. आणि ती खंबीर पोरगी, म्हणजे राणी, म्हणाली, “आवं, दोन वर्सं कशी जात्याल कळनार बी न्हाई.” कळणार बी न्हाई! दोन वर्षं माणूस घरात नसणार आणि ते कळणारसुद्धा नाही. मला कुणाचा मत्सर वाटत नाही, कुणावर आरोप नाही, पण या एवढ्या मोठ्या सांगली जिल्ह्यात एका माणसाला तोंड उघडून ‘नको जाऊ’ म्हणता येऊ नये? म्हटल्यावर मी राहीनच असं नाही. कदाचित जाईनही. पण कुणीतरी म्हणावं लागतं. आमच्या आयसीयूत सुद्धा पेशंटला डिस्चार्ज देताना म्हातारी माणसं म्हणतात, ऱ्हावा की अजून दोन दिस. पाहुण्याला म्हणतात, पोस्टमनला म्हणतात. मला कुणी म्हणत नाही. मी जणू पिकलेलं सीताफळ, कधी एकदा खाली पडतंय याची सगळे वाट बघतायत.

घरी आलो तर दाराच्या कडीला ताणकाटा लटकवून राणी बॅग मोजत होती. पहिल्या बॅगेत तासगावचे बेदाणे, दोन किलो हळद, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, आणि सगळ्याच्या तळाशी आबांनी पाठवलेलं नवीन घोंगडं. घोंगडं एकटंच साडेतीन किलो. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली आणि थंडी या विषयावर जगात त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही असं त्यांचं मत आहे. मी म्हटलं, राणी, तिथं हीटर असतो. ती म्हणाली, “मामांनी सांगावा धाडलाय, घोंगडं ऱ्हाऊ दे, बेदानं काडा.” मग ती काट्यावरचा आकडा वाचत, माझ्याकडं न बघता म्हणाली, “बुधवारी अकराला गाडी येनार. ओवी तवा शाळंत आसंल. ते बरंच झालं. दारात रडारड नको. म्या तिच्या बाईस्नी सांगून ठिवलंय, त्या दिवशी तिला कायतरी काम द्या म्हनलं.” मी हं म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. तेवढ्यात ओवी आतून पळत आली, तिला जर्मनीचं एवढंच माहीत होतं की पप्पा कधीतरी लांब कामाला जाणार आहेत, मोठी माणसं बोलतात त्यातलं ते एक. तिच्याकडं स्वतःची बातमी होती. “पप्पा, बुधवारी शाळेत पाहुणे येणार आणि फूल मी देणार! अख्ख्या वर्गातून मी एकटी!” फूल कसं धरायचं, वाकायचं किती, देताना हसायचं की नाही, हे तिनं मला तीनदा करून दाखवलं. मी पाहुणा झालो. तिच्या हातात फुलाच्या जागी चमचा होता. तो मी तीनदा घेतला.

तिचा तो फुगलेला चेहरा बघून मला माझा फळा आठवला. हा फळा मी ओवीला झोपवताना शंभर वेळा सांगितलाय. आमच्या वाडीच्या शाळेत, जतच्या पुढं, जिथं दोन मैलांवर कानडी सुरू होतं, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की फळा काळा करायचा असायचा. टॉर्चच्या जुन्या सेलातला कोळसा फोडून वाटायचा, त्यात पाला चुरायचा, आणि तो लगदा फडक्यानं फळ्यावर चोळायचा. हे काम गुरुजी दरवर्षी मलाच देत. दुसरीपासून सातवीपर्यंत, सलग. वर्गात माझ्यापेक्षा हुशार पोरं होती, सरपंचाचा पोरगा होता, पण शाळा सुटल्यावर गुरुजी म्हणायचे, “तान्या, तू थांब. फळा तुझ्याबिगर न्हाई जमायचा कुनाला.” कोपरापर्यंत हात काळे व्हायचे. ते हात तसेच घेऊन मी घरी पळत सुटायचो, आईला दाखवायला. आणि घरी आई नसायची. दरवर्षी तोच दिवस. मेंढवाडा मोकळा, घोड्याच्या खुंट्याच्या जागी भोक, अंगणातल्या चुलीचे तीन दगड हात लावला तर अजून कोमट. आई, आबा, दोनशे मेंढरं, कोंबड्या, कुत्री, सगळी चाऱ्यामागं निघून गेलेली. कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्लीचा घाट उतरून कोकण. परत यायची ती मृगाच्या तोंडावर. घरातल्या एका पोरानं शाळा शिकायची असं आबांनी ठरवलं होतं आणि ते एक पोर मी होतो, त्यामुळे मी शेजारी विजयमाला काकीकडं राहायचो. पण ओवीला सांगताना मी हे चुलीबिलीचं सांगत नाही. फळ्यापाशीच गोष्ट संपवतो. जर्मन मुलाखतीतही त्यांनी विचारलं, लहानपणची एखादी जबाबदारी सांगा, तर मी हाच फळा सांगितला, क्रियापदं शेवटी टाकून नीट सांगितला. त्यांना आवडला.

रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि वाडीला गेलो. राणीला सांगितलं, फ्लेक्स उतरवून येतो. पण खरं कारण ते नव्हतं. मनात होतं की आबा आणि आई उरलेत. सगळं जग टाळ्या पिटू दे, आपल्या आईबापाच्या तोंडून एकदा निघेल. कवठेमहांकाळ सोडल्यावर ऊन चढलं. मार्चातच रान भाजून निघालेलं, मधेच कालव्याचं पाणी आलेलं तिथं हिरवी द्राक्षबाग, परत माळ. गाडी चालवताना मी मनातल्या मनात भांडत होतो, आबांशी एक भांडण, आईशी वेगळं. फाट्यावर पोचलो तर फ्लेक्सच नाही. चार बांबू उभे आणि त्यांना सुतळीची तोंडं. मी उतरवायला आलो आणि माझ्याआधी कुणीतरी उतरवला, याचाही मला रागच आला. माणसाला स्वतःचा फ्लेक्स फाडायचा सुद्धा मान मिळू नये म्हणजे कमाल झाली.

आबा लिंबाखाली बाजेवर बसून मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघत होते. आता त्यांचं फिरणं थांबलंय, चाळीसभर मेंढरं आणि दीड एकर डाळिंब एवढ्यावर आहे. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांना कशाचंच वाटत नाही.

“बस. हे बघ, तुज्या जर्मनीतली मेंढरं. हिरव्या रानात कशी बसल्यात बघ. बेंदूर न्हाई, जत्रा न्हाई, निस्ती खात्यात.”

“आबा, मला उद्या पाचपर्यंत सांगायचंय. जायचं की नाही.”

“त्यात काय सांगायचंय? चारा आसंल तिकडं जायाचं आसतंय. आमी काय हौसंनं कोकनात जात हुतो व्हय?”

“तुमची वयं झालीत. इकडं काही झालं तर मी सात-आठ हजार किलोमीटरवर.”

“तू आयशीयूत हाईस म्हनून आमी मरायचं ऱ्हातोय का?” त्यांनी व्हिडिओ पुढं सरकवला. “घोंगडं घेतलंस न्हवं? बायको काडंल त्ये. काडू दिऊ नगंस.”

साडेतीन किलो घोंगडं. माझ्या जाण्याबद्दल माझ्या बापाचं एकूण म्हणणं साडेतीन किलो भरत होतं. मी उठलो. आईला हाक मारली तर ती परसात कडब्याच्या गंजीपाशी होती, गंजीवर काहीतरी ओढून चारी कडांना दगड बांधत होती. जवळ गेलो आणि बघितलं, तो फ्लेक्स होता. पांढरी पाठ वर आणि छापलेली बाजू आत. माझं तोंड, बावीस शुभेच्छुक, विमान, किल्ला, बेल्जियम, सगळं कडब्यावर पालथं.

“तू उतरवलास?” मी विचारलं.

“वाऱ्यानं फाटाया लागलता. ज्योतिबाला संगं घिऊन सोडून आनला.” ज्योतिबा म्हणजे शेजारचा. “तोंड आत घातलंय. उनानं उडून जाईल न्हाईतर.”

मग माझा संयम सुटला. मी म्हटलं, आये, सगळं झालं, फ्लेक्स झाला, घोंगडं झालं, बेदाणे झाले, पण तुम्हा एकाला तरी वाटलं का की याला विचारावं, बाबा, का जातोस? तुला एकदा तरी वाटलं का म्हणावं, नको जाऊ? मी बराच वेळ बोलत होतो. चौतीस वर्षांचा माणूस परसात उभा राहून शाळकरी पोरासारखा तक्रार करत होता आणि ते माझं मला दिसत होतं, तरी थांबता येत नव्हतं. आई दगडाला गाठ मारत होती. बयाबाई गडदे हे तिचं नाव, आधार कार्डावर आहे, एरवी तिला तिच्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. गाठ मारून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “ओवीला सांगितलंस?”

“नाही. ती शाळेत असताना निघायचं असं राणी म्हणते. रडारड नको. शाळेत कसलासा कार्यक्रम आहे, पाहुण्यांना फूल द्यायचं काम तिला मिळालंय. राणीनं बाईंना सांगितलं होतं.”

आईचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसल्यासारखं केलं, पण ते हसणं नव्हतं.

“म्हंजी तुजी बायकू बी फळाच काळा करतीया.”

“काय?”

“तुला दरसाल फळा कोन देत हुतं?”

“गुरुजी.”

“गुरुजीला कोन सांगत हुतं?”

लिंबाखालून आबांच्या मोबाइलमधली मेंढरं ओरडत होती. आई गंजीच्या सावलीला टेकून बसली आणि सांगायला लागली, कुणाला तरी शेजारची गोष्ट सांगावी तसं. पहिल्या वर्षी, मी पहिलीत असताना, मला सांगूनच निघाले होते. मी रडलो. असा रडलो म्हणे की काकीच्या हातातून सुटून घोड्याच्या मागं पळालो, ओढ्यापर्यंत. “मंग माजा पाय निगंना. तीन दिस म्या मागं ऱ्हायले तुज्यापाशी. तुजा आबा एकला फुडं गेला. एकट्याला वाटंत आवरलं न्हाई. सात कोकरं गेली. तवा फुडल्या साली म्या जाऊन गुरुजीच्या पाया पडले. म्हनलं, आज पोराला घंटाभर ठिवून घ्या, कायबी काम द्या. गुरुजी म्हनलं, फळा काळा कराया देतो. मंग दरसाल त्येच पडलं.” तिनं पदरावरचा कडबा झटकला. “काकी सांगायची, पोरगं दोन-दोन दिस हात धूत न्हाई. आयला दावायचं म्हनतंय. तुजं काळं हात म्या कवाच बघितलं न्हाईत.”

मी तिच्या शेजारी बसलो. सांगायला लाज वाटते, पण पहिली गोष्ट मनात आली ती दुःखाची नव्हती, अपमानाची होती. म्हणजे तो फळा मला मिळालेलाच नव्हता. तुझ्याबिगर न्हाई जमायचा! मी ते जर्मन बाईंना सांगितलं, क्रियापद शेवटी टाकून. मग हळूहळू दुसरं वर आलं. ती वाट, हात पुढं धरून पळणारा मी, कपड्यांना लागू नये म्हणून हात लांब धरलेले, आणि त्याच वेळी दोन मैलांवर पश्चिमेकडं तोंड करून चालणारी ही, मागं वळून न बघणारी. आम्ही दोघं एकाच वेळी उलट दिशांना पळत होतो आणि ते ठरवून केलेलं होतं.

“मग आता तरी म्हण,” मी म्हटलं.

“काय?”

“नको जाऊ म्हण. एकदा.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “न्हाई म्हननार.”

“का पण?”

“म्हनलं तर ऱ्हाशील.”

मग ती उठली, गंजीची राहिलेली कड ओढली, आणि म्हणाली, “चल, भाकरी खाऊन घे. दिस कलायच्या आत नीघ.”

परत येताना मला कशावर चिडावं ते सुचत नव्हतं आणि तेच सगळ्यात अवघड जात होतं. चिडण्यावर मी तीन महिने जगलो होतो. मिरजेच्या अलीकडं दवाखान्याची पाटी दिसली आणि आठवलं, हे तर मी स्वतः आठवड्यातून दोनदा करतो. पेशंटच्या गळ्यात नळी घालायची असली, किंवा मॉनिटरवरची रेघ बसायला लागली, की मी दारातल्या नातेवाइकाला म्हणतो, मामा, जरा खालून पाण्याची बाटली घेऊन या. मावशी, तेवढा कागद फार्मसीतून सही करून आणा. ती माणसं घाईघाईनं जातात, आपल्याला काहीतरी काम मिळालं म्हणून त्यांचा चेहरा उजळतो सुद्धा. परत येतात तेव्हा पडदा ओढलेला असतो. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला अनुभव म्हणायचो. कित्येक लोकांनी मला नंतर हात जोडून विचारलंय, ब्रदर, आमी पानी आनाया गेलो तवाच झालं का हो? आणि मी म्हटलंय, हो, अगदी तेव्हाच. फळा काळा करायला मी किती जणांना बसवलं असेल याचा हिशेब माझ्याकडं नाही.

घरी पोचलो तेव्हा ओवी खाली पोरींबरोबर खेळत होती. राणीला मी म्हटलं, बुधवारचं ओवीला सांगायचं. उद्याच सांगणार, मॅडमना कळवायच्या आधी.

“आवं, पन ती रडंल!”

“रडू दे.”

“ती रडल्यावर तुमी जाल का?”

“माहीत नाही.”

राणीनं ताणकाटा कडीवरून काढला आणि टेबलावर आपटला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “मंग म्या कवा रडायचं त्येबी सांगा! तुमी जाऊ का नगं, जाऊ का नगं करत घरभर फिरताय. म्या एक शबुद बोलले तर तुमी ऱ्हानार आन जन्मभर म्हननार, राणीमुळं ऱ्हायलो. म्हनून पंधरा दिस म्या निस्ती बॅग मोजतीया. सगळा काटा पाठ झालाय मला.” आणि ती खुर्चीवर बसून खरंच रडायला लागली, पदर तोंडात न घालता, मोठ्यानं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोच खांदा, डाव्या बाजूचा. खाली पोरींचा आरडाओरडा चालू होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “घोंगडं काडू नगा. मामा इचारत्याल.”

सोमवारी मी दुपारची ड्यूटी बदलून घेतली आणि साडेबाराला ओवीच्या शाळेच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. खिशात फोन होता, त्यात मॅडमच्या नावापुढं मी दोन वेगवेगळे मेसेज लिहून ठेवले होते, एक हो, एक नाही, कुठलाच पाठवलेला नव्हता. मुलं सुटली. ओवी धावत आली ती बोलतच आली, फूल गुलाबाचं असणार, पिवळं, आणि काटे बाई आधीच काढून ठेवणार. मी तिला फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो. आयसीयूत अकरा वर्षं लोकांना वाईट बातम्या दिल्यात, कसं सांगायचं त्याची एक पद्धत असते, ती सगळी मी विसरलो.

“ओवी, बुधवारी मी जाणार आहे. विमानानं. लांब, जर्मनीला. दोन वर्षं घरी नसणार.”

म्हणून झाल्यावर माझं माझ्या लक्षात आलं की मी ‘जाऊ का’ म्हटलं नाही, ‘जाणार आहे’ म्हटलं. मॅडमना उत्तर जायचं राहिलं होतं, ते आधी ओवीला गेलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. “बुधवारी? मी शाळेत असताना?”

“हो.”

“मला न सांगता?”

“आता सांगितलं ना.”

मग ती रडायला लागली. आधी ओठ, मग सगळा चेहरा, मग आवाज. फाटकावरची आयाबाया वळून बघायला लागल्या, शिपाई उठून आला, एक बाई म्हणाली, “आवं, चॉकलेट द्या की पोरीला, कसलं बाप हायसा.” मी काही दिलं नाही. गप्प बस म्हटलं नाही, लवकर येतो म्हटलं नाही, तिकडून काय आणू तेही विचारलं नाही. तिनं माझ्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठीत धरली होती आणि ती ओढत होती, आणि मी तिला ओढू देत होतो. ऊन डोक्यावर आलं होतं. माझा पाय निघेल का, ते मला कळत नव्हतं. शाळेचं पटांगण रिकामं झालं, शिपायानं अर्धं फाटक लावलं.

बऱ्याच वेळानं हुंदके सुटे सुटे झाले. तिनं माझ्या बाहीला नाक पुसलं आणि विचारलं, “किती वाजता?”

“अकराला.”

तिनं विचार केला. पिवळ्या गुलाबाचा केला असेल, दिसत होतं तोंडावर.

“मग मी बुधवारी शाळेत जाणार नाही.”

“नको जाऊस,” मी म्हणालो.